रेटकार्डावरचा चेहरा

पार्लरच्या काउंटरवर प्लास्टिकच्या आवरणातले रेटकार्ड ठेवलेले असते. वरून खाली वाचत गेले की क्लीन-अप, फ्रूट, पर्ल, गोल्ड, डायमंड अशी चढण लागते; हौशी ठिकाणी शेवटी प्लॅटिनमही असते. पाचशे रुपयांच्या आसपास सुरू झालेला आकडा तळाशी पोचेपर्यंत काही हजारांचा होतो. वर पार्लरचे नाव छापलेले नसते, तर हा एखाद्या सराफाचा दरफलक म्हणून सहज खपला असता.

खुर्चीत बसलेली बाई विचारते, "माझ्या स्किनला कुठलं सूट होईल?" प्रश्न अगदी रास्त. उत्तर मात्र बहुतेक वेळा प्रसंग पाहून येते: लग्नाला जायचे असेल तर गोल्ड, स्वतःचेच लग्न असेल तर डायमंड, पहिल्यांदाच आली असेल तर फ्रूट. यात पार्लरवाल्या ताईची लबाडी असतेच असे नाही. तिच्या हातातले कार्डच बरणीत काय आहे ते सांगण्यासाठी बनलेले आहे. गालावर काय आहे, याला त्यात रकाना नाही. फेशियल निवडताना होणारी बहुतेक फसगत इथूनच सुरू होते. आज, या ऋतूत, या वयात, चालू असलेल्या औषधांसकट त्वचा कशी आहे ते आधी पाहायचे आणि मग तिला काय सोसेल ते ठरवायचे, हा साधा क्रम. त्या क्रमाने गेले तर कधीकधी 'आज काहीच नको' असेही उत्तर निघते. रेटकार्डावर त्याची ओळ नसते.

पार्लरमध्ये त्वचेची चौकशी अगदीच होत नाही असे नाही. "तेलकट आहे की कोरडी?" एवढे विचारले जातेच. पण ही विभागणी आली कुठून? क्राकूव्ह शहरातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या हेलेना रुबिनस्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये सलून थाटले. कोरडी, तेलकट, सामान्य असे त्वचेचे गट पाडून गिऱ्हाइकाला सल्ला देण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. कल्पना चतुर होती. एका क्रीमच्या जागी तीन विकता येत होती, आणि विकत घेणारीला आपला चेहरा कुणीतरी नीट पाहिला याचे समाधान मिळत होते.

दुसरी प्रसिद्ध वर्गवारी दवाखान्यातून आली. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते, यावरून गट पाडले. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचा उपचार देताना मात्रा किती ठेवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आधी गट चारच होते आणि ते गोऱ्या कातडीचे होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा गट नंतर जोडले गेले. बहुसंख्य भारतीय चेहरे आज चौथ्या-पाचव्या गटाच्या आसपास बसतात, म्हणजे मूळ तक्ता जिथे संपत होता तिथे आणि त्याच्या पलीकडे. पुढे लेस्ली बाउमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तेलकटपणा, नाजूकपणा, डाग पडण्याची प्रवृत्ती आणि सुरकुत्या अशा चार जोड्यांतून सोळा प्रकार मांडले.

पहिला तक्ता क्रीम विकायला बनला, दुसरा दिव्याची मात्रा ठरवायला. सगळेच कामाचे आहेत. पण या मंगळवारी या गालावर वाफ द्यावी की नाही, हे त्यांतून कळत नाही, कारण त्वचेचा प्रकार रक्तगटासारखा जन्मभर चिकटत नाही. नागपूरच्या मे महिन्यात जिचे ओठ फुटत होते, ती मुलगी नोकरीसाठी मुंबईला आली की जूनमध्ये तिच्या कपाळावर तेल तरंगू लागते, आणि दिवसाचे नऊ तास एसीत काढल्यावर तेच गाल संध्याकाळी ओढल्यासारखे होतात. थायरॉइड मंदावले की त्वचा कोरडी पडते. पाळी जायच्या वयात तेल कमी होते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्या तर आत्तापर्यंत तेलकट म्हणून ओळखला गेलेला चेहरा इतका नाजूक होतो की वॅक्सिंगची पट्टी ओढताना कातडी सोलून निघू शकते. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेल्या 'ऑयली स्किन'च्या आधारावर आजचे फेशियल ठरवणे म्हणजे जुन्या नंबरच्या चष्म्याने वर्तमानपत्र वाचण्यासारखे आहे.

आता बरणीकडे वळू. चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कागदाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याहून पातळ असतो. चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्ले यांचा गारा भरलेला. एवढ्याशा भिंतीवर शरीराचे पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याची जबाबदारी असते. ती किती कडक पहारा देते, याचा एक ढोबळ नियम 2000 साली डच संशोधक बॉस आणि माइनार्डी यांनी मांडला: सुमारे 500 डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत शिरत नाही. कोलॅजनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या घरातला. हत्तीने चाळणीतून जावे तसा तो कोलॅजन फेशियलमधून गालात उतरेल, अशी आशा धरली जाते. मोत्याची भुकटी आणि सोन्याचा वर्ख यांची कथाही वेगळी नाही. वर्ख वरच राहतो आणि धुतला की वाहून जातो. सोन्याबद्दल एक गंमत मात्र सांगायला हवी. अमेरिकेतली काँटॅक्ट डर्मॅटायटिस सोसायटी दरवर्षी एका पदार्थाला 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून जाहीर करते, आणि 2001 साली तो मान सोन्याला मिळाला होता.

मग "ग्लो येतो" हे खोटे का? मुळीच नाही. तो डोळ्यांना दिसतो, आरशात दिसतो, शेजारणीलाही दिसतो. कोरड्या चेहऱ्यावर मृत पेशींच्या कडा उचललेल्या असतात आणि प्रकाश त्यांवर आपटून इकडेतिकडे विखुरतो. त्यामुळे चेहरा राखट दिसतो. स्क्रबने त्या कडा निघाल्या, वाफेने आणि पॅकने उरलेल्या पेशींनी पाणी धरले, वर क्रीमचा पातळ थर बसला की पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश एकसारखा परततो. मालिशीने रक्तप्रवाह वाढून गालांवर लाली येते, किंचित सूज येऊन बारीक रेषा बुजतात. तकाकीचे हे सगळे भौतिकशास्त्र साध्या क्लीन-अपमध्येही तितकेच चालते. नरकचतुर्दशीला तेल चोळून उटणे लावणाऱ्या घरांना ते सिद्धान्ताशिवाय ठाऊक होते. आधी तेल, मग नागरमोथा, वाळा, आंबेहळद यांचे भरड चूर्ण, मग ऊन पाणी. आणि तेही रोज नाही.

म्हणून फेशियलची निवड नावावरून करण्याऐवजी पायऱ्यांवरून करावी. नाव काहीही असो, पायऱ्या जवळपास त्याच असतात: स्वच्छता, स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड्स काढणे, मसाज, पॅक. प्रत्येक पायरी कुणाला मानवते आणि कुणाला भोवते, हे जिला ठाऊक आहे तिला रेटकार्ड वाचता येते.

स्क्रबचेच पाहा. राठ, निस्तेज, पण शांत त्वचेला महिन्याकाठी एकदा हलका स्क्रब चालतो. लाल, चुरचुरणाऱ्या किंवा पिकलेल्या मुरमांच्या चेहऱ्यावर अक्रोडाच्या कवचाचे दाणे घासणे म्हणजे जखमेला काथ्याने पुसणे. वाफेबद्दल समज असा की तिने छिद्रे उघडतात आणि शेवटी बर्फ फिरवला की मिटतात. छिद्रांना उघडझाप करणारा स्नायू नसतो. वाफेने आतले घट्ट तेल मऊ होते, इतकेच. वांग असलेल्या किंवा पटकन लाल होणाऱ्या चेहऱ्याला मात्र ती उष्णता महागात पडते. ब्लॅकहेडचा काळेपणा हा मळही नसतो. हवेशी संबंध आल्यावर तिथले तेल आणि मेलॅनिन काळवंडते. नाकावरचे ते बारीक ठिपके पुष्कळदा तेलाच्या नेहमीच्या तंतूंचे असतात आणि काढल्यावर महिन्याभरात परत भरतात. त्यांच्यासाठी लोखंडी कडीने नाक दाबून लाल करण्यापेक्षा तेलात विरघळणारे सॅलिसिलिक आम्ल अधिक शहाणपणाचे. कडी वापरायचीच असेल तर ती उकळलेली किंवा ऑटोक्लेव्हमधून काढलेली आहे का, हे विचारायला लाजू नये. गालावर चपट्या चामखिळी असतील तर कडीने आणि थ्रेडिंगच्या दोऱ्याने त्या एका रेषेत पसरत जातात.

सर्वांत सुखाची पायरी मसाजची, आणि सर्वांत चकवणारीही तीच. भारतीय स्त्रियांवर केलेला एक अभ्यास 1999 मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. त्यात फेशियल करून घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींना नंतर मुरमांसारखे पुरळ उठल्याचे दिसले. ते लगेच उठले नव्हते. तीन ते दहा आठवड्यांनी, खोलवर गाठी धरून उठले होते. जाड, तेलकट क्रीमने बराच वेळ मालिश झाली की तैलग्रंथींची तोंडे बुजतात आणि आत चाललेला गोंधळ वर यायला वेळ लागतो. ज्या दिवशी फेशियल झाले त्या दिवशी चेहरा चमकलेला असतो, कौतुक झालेले असते, फोटो निघालेले असतात. दीड महिन्याने गाठी आल्या की दोष बाहेरच्या खाण्याला, पाळीला, उन्हाला दिला जातो. त्या गाठी घालवायला बाई कुठे जाते? त्याच पार्लरमध्ये, नव्या फेशियलसाठी. मुरमांची प्रवृत्ती असलेल्या चेहऱ्याने लांब मालिशीचे कुठलेही फेशियल टाळावे, मग बरणीत पपई असो की प्लॅटिनम.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो युरोप-अमेरिकेतल्या सौंदर्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. या त्वचेला इजा झाली की ती काळा डाग मागे ठेवून बरी होते. पुटकुळी दोन दिवसांत बसते, तिचा डाग चार-सहा महिने बसून राहतो. त्यामुळे इथे चुकीच्या फेशियलची किंमत लालीत न मोजता डागांत मोजावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचे ब्लीच चेहऱ्यावरची लव सोनेरी करते म्हणून चेहरा उजळ भासतो, पण मिनिटे चुकली की गालावर भाजल्याचा पट्टा उमटतो. ग्लायकोलिक आम्लाबाबत अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन-तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी 10 टक्के आणि सलूनमधल्या प्रशिक्षित हातांसाठी 30 टक्क्यांची मर्यादा सुचवली. दोन्हीकडे आम्लता किती असावी याचीही अट घातली. त्याहून तीव्र पील डॉक्टरचे काम. 'ग्लो पील' अशा गोड नावाखाली बाटलीत किती टक्के आहे, हे विचारल्यावर जिथे उत्तर येत नाही तिथून उठून यावे. लिंबू पिळणे 'नैसर्गिक' म्हणून निर्धोक ठरत नाही. त्याचा सामू दोनच्या आसपास, त्वचेचा पाचच्या आसपास. आणि लिंबाच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजून काळी पडते.

तुळशीचे लग्न झाले की लगीनसराईच्या 'प्री-ब्रायडल पॅकेज'चे फलक लागतात. वरच्या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्याचे वेळापत्रक आपोआप निघते. गाठी यायला दहा आठवड्यांपर्यंत लागतात आणि डाग जायला महिने. म्हणजे चेहऱ्यावर नवे काही आजमावायचे असेल तर ते लग्नाच्या सात-आठ महिने आधी. शेवटच्या पंधरवड्यात फक्त ओळखीचे, सौम्य आणि आधी मानवलेले. हळदीच्या आदल्या दिवशी 'एकदम नवीन आलेले' फेशियल म्हणजे बोहल्यावर चढताना नवी चप्पल घालणे.

इथवर त्वचा निरोगी आहे असे धरले. पण 'सूट होईल असे' फेशियल शोधत येणाऱ्या पुष्कळ चेहऱ्यांना फेशियलची गरजच नसते. त्यांना निदान हवे असते. मानेवर, कानशिलांवर जाडसर, मखमली काळेपणा आलेला शाळकरी मुलगा किंवा कॉलेजातली मुलगी घ्या. आई त्याला मळ समजून दगडाने घासते, मग डी-टॅन होते. तो काळेपणा पुष्कळदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असतो. तपासायची असते ती साखर आणि वजन. मान घासून काही निघत नाही. हनुवटी आणि जबड्यावर मुरूम, त्यात अनियमित पाळी, ओठावर लव, असे चित्र असेल तर प्रश्न अंडाशयांच्या बाजूचा असू शकतो. कपाळाच्या वरच्या कडेने, कानांपुढे करडा-काळा पट्टा दिसत असेल तर केसांच्या डायकडे पाहावे: त्यातल्या पीपीडी या रसायनाच्या ॲलर्जीने चेहरा हळूहळू काळवंडतो, आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते सापडते. दोन्ही गालांवर सारखे पसरलेले तपकिरी चट्टे म्हणजे वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन त्याला खतपाणी घालतात, आणि घासले, भाजले, ब्लीच केले की ते अधिकच गडद होते. ज्या चेहऱ्याला सर्वांत जास्त फेशियल केली जातात, त्यालाच ती सर्वांत कमी मानवतात.

आणि मग येते ती बिनलेबलची डबी.

अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1975 मध्ये डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचे मिश्रण मांडले. डॉक्टरच्या नजरेखाली, मोजके आठवडे वापरायचे औषध. त्या धर्तीची स्टिरॉइडमिश्रित क्रीम भारतात गोरेपणाची क्रीम म्हणून काउंटरवर विकली गेली, पार्लरमधून हातोहात गेली. पहिले काही दिवस चेहरा खरोखरच उजळतो. मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरूम फुटतात, आणि क्रीम थांबवले की चेहरा निखाऱ्यासारखा पेटतो. देशातल्या बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले 433 जण, म्हणजे जवळपास 15 टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर 2018 मध्ये अशी अनेक क्रीम चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत टाकली गेली. 'फेअर अँड लव्हली' हे 1975 पासूनचे नाव 2020 मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. कायदा बदलला, शब्द बदलले. उजळपणाची ओढ होती तिथेच राहिली.

त्या ओढीचे टोक अकोल्यात दिसले. तिथल्या एका विद्यार्थिनीने ओळखीच्या ब्यूटिशियनकडून क्रीम घेतले. चेहरा इतका झपाट्याने उजळला की आईने आणि बहिणीनेही ते लावायला सुरुवात केली. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासले, तेव्हा त्यात पारा सापडला, मर्यादेच्या कितीतरी पट. ही बातमी 2023 च्या सुरुवातीची. त्याच सुमारास केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही मूत्रपिंडांच्या आजाराचे धागे गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचले होते. भारतात चेहऱ्याच्या क्रीमसारख्या सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याचा अंश दशलक्षात एकापेक्षा जास्त असू नये, असा दंडक आहे.  डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नसेल तर तो दंडक पाळला गेला की नाही, हे पाहायला प्रयोगशाळाच लागते. अकोल्यातल्या त्या घरात ती प्रयोगशाळा तिघींची मूत्रपिंडे ठरली.

एवढे वाचून एखादा डॉक्टर म्हणेल, मग पार्लरची पायरी चढावीच कशाला? चांगले सनस्क्रीन लावा आणि घरी बसा. त्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी 903 प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वय वाढणे, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी आढळले. 2013 मध्ये हे निष्कर्ष आले. कुठल्याही फेशियलच्या पदरात असा पुरावा नाही. सावळ्या त्वचेवरच्या वांगासाठी तर लोहाच्या ऑक्साइडची छटा असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो.

तरी डॉक्टरांचा हा युक्तिवाद अर्धाच आहे. फेशियल हे औषध नाही हे मान्य केले की ते काय आहे, तेही पाहावे लागते. पाऊण तास डोळे मिटून पडायला मिळणे, कपाळावर कुणाचा तरी मऊ हात फिरणे, फोन पर्समध्ये आणि पर्स खुंटीवर असणे, ही चैन अनेक बायकांना आठवड्यात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. तिच्यासाठी पैसे मोजणे हा मूर्खपणा नाही. फक्त ते पैसे कशाचे, हे माहीत असावे. आणि ब्यूटिशियनकडे एक गोष्ट अशी असते की जी डॉक्टरकडेही नसते: ती तोच चेहरा दर महिन्याला, भिंगाच्या दिव्याखाली, वीतभर अंतरावरून पाहते. मानेचा वाढता काळेपणा, गालावर उमटू लागलेले वांग, रंग बदलणारा तीळ, नुकतीच पातळ झालेली कातडी, हे सगळे तिलाच आधी दिसते. आयटीआयमध्ये वर्षभराचा सौंदर्योपचाराचा अभ्यासक्रम करून, कर्ज काढून गाळा घेतलेल्या हजारो बायका महाराष्ट्रात हा धंदा करतात. त्यांच्या नजरेला मोल आले, तर ती गल्लीगल्लीतली आरोग्याची पहिली चौकी होऊ शकते.

अडचण आहे ती हिशेबात. पाहण्याचे पैसे कुणी देत नाही. ताई दहा मिनिटे चेहरा पाहील, औषधे विचारील, शेवटी म्हणेल, "आज राहू द्या, आधी डॉक्टरला दाखवा". आणि तिच्या गल्ल्यात शून्य रुपये पडतील. गाळ्याचे भाडे मात्र डायमंडच्याच ओळीतून निघते. नजर फुकट आणि बरणी महाग, असा भाव ठरल्यावर सल्ला बरणीच्या बाजूने झुकणारच. पांढऱ्या कोटातही हे बदलत नाही. 'मेडी-फेशियल'च्या दवाखान्यांत सहा बैठकांचे पॅकेज आगाऊ विकले जाते, आणि दुसऱ्या बैठकीनंतर चेहरा बिघडला तरी उरलेल्या चारांचे पैसे भरलेले असतात.

अशा दवाखान्यांशी चढाओढ करत पार्लर दवाखान्याची नक्कल करू लागते, तेव्हा धोका वेगळ्याच पातळीवर जातो. 2013 मध्ये एका अमेरिकन तारकेच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याच्या छायाचित्राने 'व्हॅम्पायर फेशियल' जगभर गाजले: स्वतःचे रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग सुयांनी चेहऱ्यात सोडायचा. न्यू मेक्सिकोतल्या परवाना नसलेल्या एका स्पामध्ये तेच केले जात होते. तो 2018 मध्ये बंद झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात तिथल्या किमान तीन ग्राहकांना बहुधा स्पामधूनच एचआयव्हीची लागण झाल्याचा निष्कर्ष निघाला. त्वचेच्या भिंतीवरून हात फिरवणे आणि भिंतीला भोक पाडणे, यांतली सीमा स्पष्ट आहे: सुई आली की ते फेशियल राहत नाही, वैद्यकीय उपचार होतो, आणि तो डॉक्टरकडेच व्हायला हवा.

मग ज्या बाईला खरोखरच फेशियल हवे आहे, तिने काय करावे? चेहरा कोरडा आणि शांत असेल तर स्निग्ध क्रीमची मालिश आणि ओलावा धरणारा पॅक, स्क्रब नावापुरता. तेलकट पण मुरूम नसलेला असेल तर स्वच्छता, हलके सॅलिसिलिक, मातीचा पॅक. मालिश थोडी, जेलने. पिकलेले मुरूम, वांग, जळजळ, नुकतेच सुरू केलेले रेटिनॉल यांपैकी काही असेल तर वाफ, घासणे, ब्लीच सगळे बाजूला ठेवून फक्त थंड, सौम्य क्लीन-अप, नाहीतर तेही नको. नवीन बरणी असेल तर आदल्या दिवशी कानामागे किंवा जबड्याखाली थोडे लावून पाहावे. डबीवरचे लेबल वाचावे. दीड-दोन महिन्यांनी गाठी उठल्या तर कॅलेंडर मागे उलटून पाहावे.

आणि ताईने काय करावे? तिने रेटकार्ड पुन्हा छापून घ्यावे. पहिली ओळ: त्वचा पाहणी, पंधरा मिनिटे, दीडशे रुपये. त्यासोबत एक वही, जिच्यात गिऱ्हाइकाची चालू औषधे, मागचे फेशियल आणि सहा आठवड्यांनी केलेल्या फोनचे उत्तर लिहिलेले असेल. खाली हवे तर फ्रूट, पर्ल, गोल्ड राहू देत. ज्यांना सोन्याच्या वर्खाखाली पाऊण तास डुलकी काढायची आहे, त्यांनी ती काढावी. पण पाहणी झाल्यावर "आज काही नको" असे सांगून एखादीला परत पाठवताना ताईच्या हातात दीडशे रुपये पडलेले असतील, आणि जाणारी बाई पावती पर्समध्ये ठेवत विचारील, "मग डॉक्टरांना नेमकं काय दाखवू?"